गार खोलीची भिंत

अकोल्यात, ऐन मे महिन्यात, मी घरातल्या एकुलत्या एका एसीच्या खोलीची भिंत घणानं फोडली. मुलीच्या अमेरिकेतल्या घरी एकच यंत्र सगळं घर गार करतं, हे नुकतंच पाहून आलो होतो. तिथल्या भिंती लाकडी, पोकळ. थंड हवा त्यांच्या पोटातून खोल्याखोल्यांत फिरते. आपल्या भिंती विटांच्या, म्हणून आपण गारवा एका खोलीत कोंडतो आणि सगळे तिथेच गाद्या टाकतो. विटा आईच्या रिकाम्या गादीवर कोसळल्या आणि भगदाडातून स्वयंपाकघराची धग आत घुसली. प्रत्येक देश उन्हाशी आपापल्या हत्यारानं लढतो, असं काहीतरी मी धुळीत उभ्याउभ्या पुटपुटलो.

दारातून आई बायकोला म्हणाली, "सूनबाई, ऊन निदान संध्याकाळी थांबतं. याच्या हातातला घण आधी काढून घे."