कोळशाच्या रेघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला माझं घोरणंही पाठ आहे. आज तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि डॉक्टरेटचं भूत मानगुटीवर बसलं होतं. विषय होता कोंबडीच्या अंड्यातला गर्भ. सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्या, आतली जनुकंही तीच — मग काहींचं हृदय होतं, काहींचं पीस, ते कसं? कुठलं जनुक कधी जागं होतं? निम्म्या अंड्यांत मी एका रसायनाचा थेंब सोडायचो, निम्मी तशीच ठेवायचो, आणि हृदय कधी हलायला लागतं ते बघायचो.

अंडी आणायच्या पोलादपूरकडच्या पार्वतीबाई. एसटीने, पाटीतल्या तुसात खोचून. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ — त्या दिवशीच्यावर एक, आदल्या दिवशीच्यावर दोन. त्याहून जुनं अंडं त्या आणायच्याच नाहीत. खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवायची अंडी त्यांच्या घरी अशीच ओळखायचे.

माझी उबवणपेटी विजेवर चाले. वीज गेली की खाली कंदील लावून ठेवायचा, एवढंच काम. एका रविवारी वीज गेली तेव्हा मी मित्राकडे पत्ते कुटत बसलो होतो. कळलं नव्हतं का? कळलं होतं. डाव रंगात आला होता.

सोमवारी पेटी गार. थेंब न घातलेली अंडी फोडली, त्यांतही हृदय हललेलं नाही. आणि दुपारी पुण्याहून माझे मार्गदर्शक येणार! मग मी — लिहितानाही हात अडतोय — उरलेल्या अंड्यांवरच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. एकेक अंडं हातात घेऊन, नीट. आणि मार्गदर्शक आल्यावर त्यांना सांगितलं, बाई शिळी अंडी देते.

पार्वतीबाई नेमक्या तेव्हाच रिकामी पाटी न्यायला आल्या. मार्गदर्शकांनी विचारलं तर म्हणाल्या, "ताजीच हायत. रेघ बघा ना."

मार्गदर्शकांनी पेटीतलं अंडं फिरवून फिरवून पाहिलं. कोरं. बाईंनी अंड्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या काळ्या झालेल्या फडक्याकडे. माझ्याकडे नाही.

"सर म्हणतायत तर असंल," म्हणाल्या, आणि पाटी उचलून गेल्या.

कॉलेजच्या शिपायाने हे ऐकलं होतं. आठवड्याभरात बाजारात बभ्रा झाला, दुकानदार त्यांची अंडी घेईनात. एकदा त्या मला एसटी स्टँडवर दिसल्या, भरलेली पाटी तशीच परत नेताना. मी काय केलं असेल? पेपरात तोंड खुपसलं. लाज तेव्हाही वाटली होती. लाजेने काही पाय उचलला नाही.

पुढे मी डॉक्टर झालो. प्रबंधात एक ओळ आहे — अंडी शिळी असल्याने त्या दिवशीच्या नोंदी वगळल्या. ती मी उभं राहून टाइप करून घेतली.

त्या सगळ्या अंड्यांवर एकेकच रेघ होती.