नाव कुठं कोरायचं?

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न लाकडाचा असतो. "सागवान का?" दुसरा पॉलिशचा. तिसरा, "भुंगा तर लागणार नाही ना?" हे केलं कुणी, असं विचारणारा वर्षाकाठी एखादाच. म्हणूनच की काय, आमच्याकडचे निम्मे किस्से या एकाच गोष्टीचे आहेत. चहाच्या वेळी एक निघाला की त्याचं शेपूट धरून दुसरा निघतो. सुरुवातीला सगळे हसतात. तिसऱ्या-चौथ्याला कुणीतरी कप खाली ठेवून गपचूप रंधा हातात घेतं.

दुकान भोरमध्ये, गाव संपता संपता, आंबवड्याच्या रस्त्याला. मालक तात्या सुतार. त्यांच्या हाताखाली आम्ही तिघं. सोपान, त्याची बायको मंगलवहिनी, आणि मी, दत्तू. देव्हारे, गणेशपट्ट्या, नंदी, हत्ती, घोडे, असलं सगळं कोरीव काम.

पहिला किस्सा माझाच सांगतो, म्हणजे बाकीच्यांना बोलायला नको!

*

मी नवीन होतो. पहिल्यांदाच अख्खा गणपती एकट्यानं कोरला होता. कान बरे जमलेले, सोंड तर फारच बरी. अंगात आलं माझ्या. पाठीमागे, भिंतीकडं जाणाऱ्या बाजूला, टोकदार कोरणीनं चांगलं ठसठशीत 'दत्तू' कोरलं.

तात्यांनी मूर्ती उचलली, फिरवली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "देवाला पाठीवर गोंदलंस व्हय रं?"

तात्या स्वतः कधीच कशावर काही खूण करत नसत. मी पटाशी घेतली आणि स्वतःचं नाव तासायला बसलो. खोल कोरलेलं, त्यामुळं तासता तासता तिथं चांगला खळगा पडला. मला वाटलं, आता गिऱ्हाईक परत करणार.

गिऱ्हाईक आलं. मूर्ती उलटी करून पाहिली, खळग्यात बोट घातलं आणि खूश झालं.

"वा! खिळ्याला अडकवायची सोयसुद्धा केलीय!"

भोरमधल्याच एका घरात तो गणपती आहे. माझ्या नावाच्या जागी खिळा आहे.

*

सोपानचं शिक्षण तिसरीपर्यंत. लिहायला येत होतं ते फक्त स्वतःचं नाव, पण ते तो असं लिहायचा की बघत राहावं. आमच्यात हात त्याचाच सगळ्यात मोठा. मी आणि तात्या मिळून जे करायचो ते तो बोलता बोलता करायचा.

त्यानं एकदा काळा मार्कर आणला आणि सागवानी घोड्याच्या पोटाखाली सही केली. मला दाखवली. मी म्हटलं, "झकास!" आणि पॉलिशला घेतला. सीलरचा पहिला हात मारला मात्र, 'सोपान'चा 'सो' वितळला, 'पा' वाहत गेला, आणि घोड्याला गोचीड चिकटल्यासारखा एक डाग उरला.

आता मला माहीत आहे. आधी सीलरचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग सही, मग वरून पुन्हा पॉलिश. पण हे त्या घोड्यानं शिकवलं.

मग सोपाननं लोहाराकडून शिक्का करून घेतला. तापवायचा आणि डाग द्यायचा, म्हणजे वितळायची भानगड नाही. लोहारानं अक्षरं सुरेख काढली होती, अगदी पुस्तकात असतात तशी सुलट. सोपाननं शिक्का लालभडक तापवला आणि एका नंदीच्या तळाला दाबला.

नाव उलटं उठलं!

लोहाराकडं परत जा म्हणून आम्ही सांगून थकलो. सोपान गेला नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. ज्याला वाचायची गरज आसंल त्यो आरसा आणंल."

*

पुण्यातल्या एका शोरूमला आमचा माल जायचा. त्यांच्या माणसानं बजावून सांगितलं, "मालावर कुणाचंही नाव नको. आमचा सोनेरी स्टिकर लागतो, त्याच्या शेजारी बरं नाही दिसत."

तात्या म्हणाले, "बरं झालं." सोपाननं पुढचा हत्ती कोरला, आणि हत्तीच्या तोंडात, जिभेखाली, सुईएवढ्या कोरणीनं बारीक 'सो' कोरलं. शिक्का नाही, काही नाही. तोंडात बॅटरी मारल्याशिवाय दिसायचं नाही.

पंधरा दिवसांत हत्ती परत. सोबत चिठ्ठी: तोंडात भुंगा लागला आहे.

हत्ती घेऊन आलेला शोरूमचा माणूस समोर उभा. खरं सांगायची सोय नाही, सांगितलं तर कामच जायचं. सोपाननं भेगा बुजवायची लांबी कालवली, बोटावर घेतली आणि हत्तीच्या तोंडात हात घालून स्वतःचं नाव बुजवलं. वरून पॉलिश पेपर फिरवला.

त्या माणसानं मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं.

"हां! आता गेला भुंगा."

*

आता ह्या किश्शाआधी एक गोष्ट सांगायला पाहिजे. सोपानच्या नंदींचं नाव झालं ते डोळ्यांमुळं. नंदी बसलेला, मान जरा कललेली, आणि डोळे असे की आपल्याला काहीतरी विचारतोय. ते डोळे सोपान कोरत नसे. मंगलवहिनी कोरायच्या. बाकी अख्खा नंदी तो करायचा आणि डोळ्यांच्या दोन जागा कोऱ्या ठेवून वहिनींकडं सरकवायचा. दुकानातल्या आम्हा चौघांना माहीत, बाहेर कुणाला नाही. सांगावं असं कुणाला सुचलंही नाही. मलासुद्धा.

पुण्यात एक प्रदर्शन होतं. सोपानला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. मी आणि वहिनी समोर खुर्च्यांवर. पिशवी वहिनींच्या मांडीवर. संयोजकांना उत्साह आला. त्यांनी एक अर्धवट नंदी सोपानसमोर ठेवला आणि माईकवर म्हणाले, "आता सोपानराव आपल्याला ते प्रसिद्ध डोळे करून दाखवतील!"

टाळ्या. सोपाननं पटाशी उचलली. खाली ठेवली. वहिनींकडं बघितलं.

मग माईकमध्ये म्हणाला, "माझा चष्मा घरी ऱ्हायला."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

परतीची एसटी. सोपान खिडकीशी, शाल घडी करून मांडीवर. नसरापूर आलं, गाडी थांबली, फुटाणेवाला वर चढला. तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "दुसरा चष्मा तरी म्हनायचं हुतं."

सोपाननं शाल त्यांच्या मांडीवर ठेवली. वहिनींनी ती पिशवीत भरली. घरी कुणी ती पांघरलेली मी पाहिली नाही.

*

सोपान गेला. सकाळी दुकानात आला, पाणी प्याला, छातीत कळ आली म्हणून लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि तिथंच गेला. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेला, पण ते आपलं नेणं.

तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी मंगलवहिनी दुकानात आल्या. तात्या म्हणाले, "बस बाय." बसल्या. अख्खा नंदी करायला त्यांना किती दिवस लागले ते मला आठवत नाही, पण झाला तेव्हा तात्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि फिरवतच राहिले.

मी म्हटलं, "वहिनी, आता तुमचं नाव घाला."

त्यांनी तळाशी छोटा 'मं' कोरला. असे दोन नंदी शोरूमला गेले. तोवर शोरूमला अक्कल आली होती. नाव असलं की माल जास्त खपतो हे कळल्यावर स्टिकर जाऊन आता कारागिराची खूण मागायला लागले होते.

दोन्ही नंदी परत आले. फोनवर तो माणूस म्हणाला, "काम स्वच्छ आहे हो. पण डोळे सोपानरावांसारखे नाहीत."

मी ते वहिनींना कसं सांगितलं ते माझं मला माहीत. त्यांनी ऐकून घेतलं. 'मं' तासून काढला. मग म्हणाल्या, "भावजी, शिक्का तापवा."

तेच दोन नंदी, तेच डोळे, तळाला उलटा 'सोपान'. पुन्हा पाठवले, सोपानचा शिल्लक माल म्हणून. पोचले त्याच संध्याकाळी फोन आला.

"याला म्हणतात हात!"

*

त्यानंतर वहिनी शिक्काच मारत आल्या. तशात कारागिरांना सरकारी ओळखपत्र मिळणार असं कळलं. म्हटलं, निदान कागदावर तरी त्यांचं नाव लागेल. मी त्यांना घेऊन ऑफिसात गेलो. नमुना म्हणून एक नंदी पिशवीत.

टेबलामागचा क्लार्क भला माणूस होता. हे मुद्दाम सांगतो, कारण दोष त्याचा नव्हता. त्यानं नंदी चारी बाजूंनी पाहिला. "ताई, हे तुम्ही केलं?" डोळ्यांकडं बघत त्यानं नंदी जरा जवळ ओढला. मग तळ पाहिला. डोकं खाजवलं. मोबाईलवर तळाचा फोटो काढला आणि फोटो उलटा केला.

"अहो, हे तर 'सोपान' लिहिलंय!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते वाचायची तसदी घेतली, आणि ती अशी.

"सोपान कोण?" त्यानं विचारलं.

"मालक माझे," वहिनी म्हणाल्या.

"मग त्यांना पाठवा ना. ज्याचं काम, त्याचाच फॉर्म लागतो."

मी बोलायला तोंड उघडलं, पण वहिनींनी नंदी उचलून पिशवीत ठेवलासुद्धा. "व्हय, सांगते त्यास्नी," म्हणाल्या आणि उठल्या.

*

आता शेवटचा. हा चहाच्या वेळी निघत नाही, कारण तात्या समोर बसलेले असतात.

तात्यांचे डोळे काचबिंदूनं गेले. तरी रोज दुकानात येतात. खुर्चीवर बसून लाकडावरून हात फिरवतात आणि रंधा कुठं जास्त बसला ते सांगतात.

वेल्ह्याच्या पुढं, पासलीकडं डोंगरात एका वाडीत जुनं देऊळ होतं. सभामंडपाला सहा लाकडी खांब. ते तात्यांच्या पणजोबांनी कोरले, ही गोष्ट मी दुकानात आलो त्या दिवसापासून ऐकत होतो. पणजोबा एका पायानं अधू होते, म्हणून त्यांची खूण म्हणजे एकच पाऊल, पाच बोटांचं. प्रत्येक खांबाच्या बुडाला, दगडावर टेकतो त्या बाजूला. म्हणजे देऊळ उभं असेतो कुणालाच दिसणार नाही. तात्यांनीही पाहिलं नव्हतं, त्यांच्या वडलांनीही नाही. पण आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

गावानं स्लॅबचं देऊळ बांधायचं ठरवलं. भातं निघाल्यावर जुनं उतरवलं. देवळाच्या मंडळातले बबनराव स्वतः जीप घेऊन दुकानात आले. "तात्या, तुमच्या पणज्याचं खांब. नव्या देवळाचा नारळ तुमच्याच हातनं फुटला पायजे."

तात्यांनी धुतलेली टोपी घातली. मी बरोबर गेलो.

अंगणात ताडपत्रीवर खांब आडवे ठेवले होते. पाचांच्या बुडांचा वाळवीनं खाऊन भुगा झालेला. एकच धड. गाव गोळा झालं होतं. मी पुढं होऊन बुडावरची माती पुसली.

चांदणी होती. पाच टोकांची, रेखीव चांदणी. पाऊल नव्हतं.

बबनरावांनीही पाहिली. "आवो, पण हे तर..." म्हणाले आणि मी त्यांचा हात दाबला.

"दत्तू, सांगू नगंस," तात्या म्हणाले. "म्या बघतो."

मी त्यांना खांबाच्या बुडाशी बसवलं. त्यांनी हात पुसला आणि बोट टेकवलं. एका टोकावर नेलं, खाली आणलं, दुसऱ्यावर नेलं. पुन्हा पहिल्यापासून. तीनदा केलं. एका म्हातारीला राहवेना. "हाय का वो पाऊल?"

तात्यांनी बोट तिथंच ठेवून मोजलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच. पाची हायती."

म्हातारीनं वाकून चांदणीला डोकं टेकवलं. मग आणखी दोघीतिघींनी. तात्यांनी नारळ फोडला. बबनराव सावरून म्हणाले, "ह्यो खांब नव्या दाराशी हुबा करू. पाटी लावू. पणज्याचं नाव सांगा."

"नाव नगं," तात्या म्हणाले. "नुसता खांब ऱ्हाऊ द्या."

परतीला जीपमध्ये तात्या पुढं, मी मागं. वेल्हं आलं, गेलं. तात्या अंगठ्यानं तर्जनीचं टोक चोळत बसले होते. मला वाटलं, झोप लागली.

"दत्तू."

"हां तात्या."

"हात लई चांगला हुता रं त्याचा. कोन आसंल?"