भत्त्याच्या पुडीतली कादंबरी

पुस्तक खाऊन वाचणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. खाऊन म्हणजे वाळवीसारखं नव्हे. वाळवी निदान मुकाट्यानं खाते. आमच्या मामांनी एक अख्खी कादंबरी भेळभत्त्याबरोबर, पुडीपुडीनं, मिरचीचे ठसके सोसत खाल्ली आणि पुढचं सगळं आयुष्य तिचे ढेकर देण्यात घालवलं. नाशिकरोडच्या ज्या घरात त्यांचं नाव काढल्यावर कुणी हसत नाही, ते बिऱ्हाड कालच बाहेरगावाहून आलेलं आहे, असं खुशाल समजावं.

तेव्हा मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नुकतेच फिटर म्हणून लागले होते. पुस्तकांशी त्यांचं जुनं वैर. शाळेत त्यांच्या हाती लागलेलं प्रत्येक पुस्तक विमान होऊन कौलावर गेलं होतं. पाळी सुटली की स्टेशनबाहेरच्या गाडीवर भत्ता खायचा आणि घरी जाऊन घोरायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. एका संध्याकाळी पुडीच्या तळाशी दडलेला शेंगदाणा शोधताना त्यांची नजर कागदावर गेली. ‘नावेला दोर होता, पण काठावर खुंटी नव्हती.’ पुढे सुगंधा नावाची नावाड्याची बायको नवऱ्याशी भांडून त्याचीच नाव सोडून निघालेली, आणि तिचा पाय काठावरून सुटतो न सुटतो तोच पान संपलेलं. मामांनी दुसरी पुडी मागितली. तिच्यात सुगंधा मधल्या धारेला लागली. तिसरी मागितली. तिच्यात वल्हं मोडलं. “पोटात नुसती आग होती, जावईबापू,” मामा सांगतात, “पण डोक्यात नदी!”

आता तुम्ही म्हणाल, ते पुस्तकच विकत का नाही घेतलं? मागितलं होतं. पण गाडीवाला तत्त्वाचा माणूस. “पुस्तक तू नेलंस तर भत्ता कशात बांधू, तुझ्या टोपीत?” म्हणाला. मामांनी बदल्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला, तर म्हणे त्याची शाई शेवेला लागते. कादंबरीचा कागद जाड, कादंबरीच पाहिजे. तेव्हा खाण्यावाचून इलाज उरला नाही. मामा रोज भत्ता खाऊ लागले आणि गाडीवर इतर कुणी खात असेल तर त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून वाचू लागले. एक गृहस्थ पुडी घेऊन तसाच पॅसेंजरमध्ये चढला, तर मामाही मागोमाग चढले. तो इतका सावकाश खाणारा निघाला, की पान हाती आलं तेव्हा गाडी मनमाडला उभी होती. एका हवालदारानं पुडीचा बोळा करून गटारात टाकला, तेव्हा भर रस्त्यात त्याला “अहो, त्या पानात बाई होती!” असं ओरडून मामांनी चौकशी ओढवून घेतली होती.

या अभ्यासक्रमाचे परिणाम आजतागायत टिकून आहेत. मामांना कोरडं वाचता कधी आलंच नाही. मांडीवर पुस्तक आलं की हाताशी भत्ता लागायचा. वाचनालयातल्या बाई त्यांनी परत केलेलं पुस्तक आधी टेबलावर आपटायच्या, कुरमुरे झाडायच्या आणि मगच शिक्का मारायच्या. माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून एक जाडजूड कादंबरी दिली आणि सोबत पावशेर भत्ता! पण खरं सांगतो, या माणसानं अर्धं वीजकेंद्र वाचायला लावलं. जेवणाच्या सुट्टीत हे गोष्ट रंगवून सांगायचे, आणि नायकानं दाराला हात लावला रे लावला की डब्याचं झाकण खाडकन बंद! “पुढचं पुस्तकात आहे.” बॉयलरवरची दांडगी माणसं त्या दारापलीकडे काय आहे ते बघायला वाचनालयाची पायरी चढली. कॉलेजात शिकवणाऱ्यांनाही जे साधत नाही, ते मामांनी चटणीच्या हातानं साधलं.

तर, पानं गोळा करता करता पुस्तक संपत आलं. सुगंधा पलीकडच्या गावात स्थिरावली, तिला नवऱ्याचा निरोप आला, ती घाटावर आली, आणि आता एकच पान उरलं. मामा पाळी सुटल्यावर धावत सुटले. गाडीवर पोचतात तो शेवटच्या पानाची पुडी एका मुलीच्या हातात. देवळाली गावची, डोळ्यांत जाळ असलेली.

“ताई, खाऊन झालं की तेवढा कागद द्या,” मामा म्हणाले.

“का म्हणून? मला वाचायचाय.”

“मग शेवटी काय होतं तेवढं तरी सांगा!”

“भत्ता मी घेतला, आणि शेवट तुम्हाला सांगू? नाय सांगत, जा!”

आणि ती गेली. मामा तीन दिवस भत्ता खाऊ शकले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी घरच्यांना देवळाली गावात मागणी घालायला धाडलं. लोक रूप बघतात, कूळ बघतात. मामांनी शेवटचं पान बघितलं. लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि पाटाच्या या बाजूनं मामांनी दबक्या आवाजात विचारलं, “ती परत आली का?” पलीकडून तितकंच दबकं उत्तर आलं, “आली.” मामांनी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की अंतरपाट हलला, आणि भटजींनी मुहूर्त साधला असं समजून तो खाली घेतला.

घरी आल्यावर मामांनी पान मागितलं. मामी बराच वेळ बांगड्या मागेपुढे करत बसली. मग म्हणाली, “ते त्याच दिवशी चुलीत गेलं. आणि मला वाचता येत नाय. तुम्ही ताई म्हणून कागद मागितला, तर मी अडाणी दिसायला नको म्हणून बोलले.”

एकलहऱ्याचे सगळे संच एकदम बंद पडावेत तसा मामांचा चेहरा विझला. म्हणाले, “मग आली म्हणून कशावरून सांगितलंस?”

“यायलाच पाहिजे ना. एवढ्या लांब गेलेली बाई. कोण होती ती?”

मग मामांनी ती तेलकट पानं बाहेर काढली, दाभणानं शिवली, आणि त्यांच्यावरच मामीला अक्षरं शिकवली. ‘न’ नावेचा, ‘स’ सुगंधाचा. मामी शेवटपर्यंत पोचली तेव्हा पुढं पानच नव्हतं, म्हणून शेवट तिनं रचला. तेव्हापासून कोजागरीला मामी शेवट सांगते आणि तो दर वर्षी नवा असतो. एका वर्षी सुगंधा परत येऊन नवऱ्यालाच नाव चालवायला लावते, एका वर्षी नवराच तिला आणायला पोहत जातो आणि अर्ध्यात दमतो. मामा दर वर्षी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकतात.

गेल्या वर्षी काचबिंदूनं मामांची नजर गेली. आता मामी वाचते आणि मामा भत्ता खातात. अशात मी रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रं टाकायला गेलो असताना वजनकाट्याशेजारी एक जुनं पुस्तक दिसलं. सहज उघडलं. ‘नावेला दोर होता, पण काठावर खुंटी नव्हती.’ पुस्तक पूर्ण होतं, शेवटच्या पानासकट. ते पान मी वाचलं नाही. तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही बसलेला नाही.

पुस्तक मामांच्या हातात ठेवलं आणि काय आहे ते सांगितलं. मामांनी ते हुंगलं. “याला मिरचीचा वास नाही,” म्हणाले, पण पुस्तक खाली ठेवलं नाही. मामी दारात उभी होती. तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. “द्या इकडं, वाचते,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत मामीचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. त्या छापील पानात सुगंधा परत आली नसली, तर ते मामीलाच वाचून दाखवावं लागणार होतं.

मामांनी बोटांनी चाचपत शेवटचं पान शोधलं आणि टर्रकन फाडलं. आंधळ्या हातांनी त्याची पुडी वळली, अगदी त्या गाडीवाल्यासारखी झोकदार, शेजारच्या डब्यातला भत्ता तिच्यात ओतला आणि मामीपुढे धरली.

“घे. हा कागद तुझा. त्या दिवशी मी उगाच मागितला.”

मामी खाली बसली आणि सावकाश भत्ता खाऊ लागली. खाऊन झाल्यावर तिनं पुडी तळहातावर उपडी केली. एक शेंगदाणा निघाला, तो तिनं मामांना दिला. क्षणभर तिची नजर अक्षरांवर गेली. मग तिनं कागदाचा बोळा केला.

“मीठ जरा कमी होतं,” ती म्हणाली.

परवा कोजागरीला आम्ही गेलो, तेव्हा दूध आटत होतं आणि मामांना भत्ता कालवून देत मामी नवा शेवट सांगत होती. यंदा नवऱ्याची नजर गेली होती. सुगंधा अंधारात घाटावर उतरली, तिनं हाक मारली नाही, नुसतं पाण्यावर वल्हं आपटलं, आणि पलीकडच्या काठावर तो उठून उभा राहिला.

मामांचा घास हातातच राहिला होता.

“मग?” ते म्हणाले.