दार उघडणारा शब्द

साहेबांनी मला नव्या पोरांसमोर उभं केलं. अंधेरीतलं आमचं वसुलीचं ऑफिस.

"म्हणून दाखव."

"जय भीम," मी म्हटलं.

"असं मेल्यासारखं नको रे. घरातल्यासारखं. तुमच्या वस्तीत दार कसं उघडतं, कळू दे यांना."

पुन्हा म्हटलं. पोरं हसली. मीही हसलो.

माझ्याकडे जुनी कर्जं असायची. कर्ज थकल्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही, तर कंपनीला कोर्टातून वसूल करता येत नाही. मात्र कर्जदाराने 'फेडीन' असं नव्याने लिहून सही दिली, की दाव्याचा हक्क परत मिळतो. ती सही आणणं माझं काम. समोरच्याला हे न सांगणं, तेही कामच.

दिंडोशीच्या एका मावशींनी नवऱ्याच्या डायलिसिससाठी कर्ज काढलेलं. नवरा गेला. दाव्याची तीन वर्षांची मुदत केव्हाच संपलेली. मी दारात जय भीम म्हटलं, त्यांनी साखळी काढली. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे पाठ करून बसलो.

"कोर्टबिर्ट नाही ना रे लागणार?"

"नाही मावशी. नुसती सही."

"तू आपला म्हणून करते हां."

कंपनीने दावा लावला. समन्स घेऊन मावशी ऑफिसच्या गेटवर आल्या. शिव्या द्यायला हव्या होत्या त्यांनी. म्हणाल्या, "जय भीम, बाबा. आता काय करू, सांग."

मला उलट जय भीम म्हणता येईना. हा शब्द उच्चारला म्हणून माझ्या बापाने गावात मार खाल्ला होता. मी तो कमिशनवर विकत होतो.

साहेबांनी वर बोलावलं. "त्या बाईच्या केसमध्ये सगळं समजावून सही घेतली, अशी कोर्टात साक्ष द्यायची. नाहीतर घरी बस. या वयात कोण घेतंय तुला?"

खरं होतं. पोरीची फी, खोलीचं भाडं, सगळं त्या पगारावर.

"साक्ष देईन," मी म्हटलं. "काय लपवलं, तेही सांगेन."

"तुम्हा लोकांना वर आणलं की हे असं."

नोकरी गेली. दुसरी मिळत नाही. बायको बोलत नाही.

काल बेल वाजली. बाहेर त्या दिवशीच्या पोरांपैकी एक. हातात माझ्या नावाने टाईप केलेली साक्ष, फक्त सही बाकी.

"जय भीम, काका," तो म्हणाला. अगदी घरातल्यासारखं. मीच शिकवलेलं.

साखळी काढली नाही. फटीतूनच सांगितलं, "सही मिळणार नाही. तारखेला मी मावशींच्या बाजूने उभा राहणार. सही फसवून घेतली, मी घेतली, असं बोलणार. साहेबांना सांग. आणि तो शब्द कामासाठी पुन्हा वापरू नकोस."