एकास एक

दुपारचं जेवण अंगावर आलंय. पुढ्यात पानिपतच्या मोहिमेची वही उघडी आहे आणि डोळे मिटतायत. रविवारी आमच्या क्लबाचा टेबलावरच्या लढाईचा खेळ आहे. आठ टेबलं, तीन गावांतले चाळीस खेळाडू. एवढी मोठी मोहीम साताऱ्यात आजवर कुणी आखली नाही, हे मीच सगळ्यांना सांगत फिरतोय. पूर्वी एका टेबलावर खेळायचो, तेव्हा एक शिशाचा सैनिक म्हणजे वीस माणसं धरायचो. आता एक म्हणजे शंभर. शितावरून भाताची परीक्षा. बुणगे, म्हणजे फौजेमागून चालणाऱ्या बाया, आचारी, हमाल, हे तर मी नियमांतून काढूनच टाकलेत. ते असले की फौज हलत नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

"काढलेस?" नंदू विचारतो.

नंदू कुलथे दिवाळीत गेला. सोनारकाम करायचा. आमचे सगळे सैनिक त्यानंच रंगवलेत. आत्ता तो टेबलापलीकडे उभा आहे, डाव्या डोळ्याला भिंग. तो मेलाय हे मला माहीत आहे, तरी मला आधी रागच येतो. शेवटची दोन वर्षं त्यानं फक्त बुणगे रंगवले, चांगले तीनशे, आणि त्यांना माझं प्रमाण लावू दिलं नाही. सैनिक एकास शंभर असतील, पण बुणगे एकास एक, असा त्याचा हट्ट.

खेळ पुढे सरकायला नको का, असं मी चिडून म्हणतो आणि फासा टाकतो. सहा पडतात. एक घोडेस्वार मेला म्हणून उचलून कडेला ठेवतो.

कडेला माती आहे. शंभर माणसं एका दमात तिच्यावर कोसळतात. एकाला जबडाच नाही. एक जण आपली आतडी दोन्ही हातांनी आत ढकलतोय. एक घोडा मोडक्या पायांवर उठू बघतो आणि खालच्या माणसाला आणखी चिरडतो. फासा पुन्हा पडतो. पाच. आणखी शंभर. मी मूठ आवळतो, तरी बोटांच्या फटींतून फासे गळतच राहतात.

आमच्या क्लबाच्या दारातून लोक पळत सुटलेत आणि मागून स्वार त्यांना कापत येतायत. परात घेतलेल्या एका बाईच्या मानेवर तलवार बसते. परात घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबते.

"हे लोक माझ्या नियमांत नाहीत," मी म्हणतो.

"म्हणून तर त्यांना पळायला जागा नाही."

नंदू आता त्यांच्यातच पळतोय, डोक्यावर सैनिकांची पेटी घेऊन. तो क्लबात कधी खेळलाच नाही. टेबलं मांडायची, खोकी उचलायची, एवढंच. एकदा सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, नंदू म्हणजे आपल्या फौजेतला बुणगा. सगळे हसले. तोही हसला. त्यानंतरच त्यानं बुणगे रंगवायला घेतले, हे आज माझ्या ध्यानात येतंय, आणि मला स्वतःची लाज वाटते.

"नंदू, पेटी टाक आणि पळ."

"टाकली तर ही कोण नेणार, सेनापती?" तो मला नेहमी सेनापतीच म्हणायचा.

मी स्वाराचा हात धरायला धावतो, पण माझे हात फाशांनी भरलेत. भाला नंदूच्या पाठीतून शिरून छातीतून बाहेर येतो. तो पडतो. मी मोजतो, सवयच ती. शंभर नाहीत. एकच आहे. आणि तो एकच मला उचलवत नाही.

उन्हं भिंतीवर चढलीत. वहीवर लाळ सांडलीय. मूठ दुखतेय म्हणून उघडतो, तर आत शिशाचा एक बुणगा. अंगठ्याच्या पेराएवढा, डोक्यावर पेटी, डाव्या डोळ्याला भिंग. असा बुणगा मी याआधी पाहिलेला नाही. माळ्यावरचं बुणग्यांचं खोकं, तो गेल्यावर नंदूच्या बायकोनं बांधून दिलं तसंच आहे, सुतळीची गाठसुद्धा शाबूत. बुणग्याच्या बुडाशी बारीक ब्रशनं लिहिलंय, 'एकास एक'. रंग अजून ओला आहे. माझ्या तळहातावर तीच अक्षरं उलटी उमटलीत.

मी हात धूत नाही. माळ्याला शिडी लावतो.