कोरडं फडकं

आमचे हे सकाळपासून पार्किंगमध्ये गाडीला पॉलिश घासत बसलेत. ऊन पडलं की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात. कुणी खोडसाळपणा केलेला नाही. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची, हा यांचाच नेम. त्या धुळीनंच काचकागदानं घासावा तसा रंग घासला गेला.

लेकीचंही तसंच झालं. रोज यांचा फोन. "जेवलीस का? पोचलीस का? बरोबर कोण होतं?" शेवटी तिनं फोन घेणंच सोडलं.

मी चहा घेऊन खाली गेले.

"आता कमी दिसतात ना गं?"

"हो," मी म्हटलं. चरे होते तिथेच होते.

त्यांचा चेहरा खुलला. खांद्यावरचं कोरडं फडकं ओढून ते पुन्हा मायेनं बॉनेट पुसायला लागले.