गरम झालेलं बेअरिंग

काल मस्तगडला पिठाच्या गिरणीत उभा होतो आणि जळक्या ग्रीसचा वास आला. दळण तिथंच टाकून मी बाहेर आलो.

पंचवीस वर्षांपूर्वी मी मंठ्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. जोडीला सुदाम. त्या दुपारी आम्ही मोठ्या शाफ्टला नवीन बेअरिंग बसवलं. कापूस न सोडता मशीन तासभर रिकामी चालवून बघायची, हा नियमच होता. पण बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मशीन सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, सुदामनं बेअरिंगवरच्या लोखंडी खोक्यावर हात ठेवला आणि चटकन उचलला.

"भाऊ, लई गरम होऊन राह्यलं. बंद करू."

"नवीन हाय, बसंल बराबर," म्हणत मी कापूस सोडायला लावला.

थोड्याच वेळात बेअरिंग फुटलं, शाफ्ट उसळला आणि सुटलेल्या पट्ट्यात सुदामचा उजवा हात गेला.

दवाखान्यात मालकानं विचारलं, "कसं झालं रे?"

"बेअरिंगच खराब निघालं, साहेब," सुदाम म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्या सुटकेचीच शिसारी येते. गेल्या साली सुदाम वारला. ज्याच्यापुढं खरं कबूल करून माफी मागावी, असं आता कुणीच उरलं नाही.